ट्विन मोटर सीप्लेन टेकऑफला दर वेळी डावीकडेच ओढतंय? रडरला हात लावायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं लिहितो म्हणजे तुमचीच केस आहे का ते कळेल. विमान आरसी, म्हणजे रेडिओवर चालणारं छोटं मॉडेल, दोन मोटरचं (ट्विन), खाली फ्लोट किंवा बोटीसारखं पोट. हळू थ्रॉटलवर, म्हणजे मोटरींचा जोर कमी ठेवून, पाण्यात मस्त फिरतं, पाहिजे तिकडे वळतं. टेकऑफसाठी थ्रॉटल पुढे केला की दोन-तीन सेकंदांत नाक डावीकडे, डावा पंख खाली, डाव्या टोकाचा छोटा फ्लोट पाण्यात घुसतो आणि विमान गर्रकन वळून थांबतं, रडर (शेपटीतली दिशा बदलणारी पट्टी) उजवीकडे पूर्ण दाबला तरी तेच. मधेच एखाद्या वेळी सरळ जातं, उडतंसुद्धा, मग वाटतं झालं दुरुस्त, आणि पुढच्या रविवारी परत तेच चालू. बडोद्यात माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी ट्विन सीप्लेन घेतलं त्यातल्या बहुतेकांना हा त्रास झालाय आणि प्रत्येक जण तोच तोच चुकीचा उपाय करून थकतो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लोक काय करतात? रडरला उजवीकडे ट्रिम, म्हणजे कायमचा थोडा कल, देतात, पाण्यातला रडर मोठा लावतात, आणि त्यानेही नाही भागलं तर विमान आपोआप सरळ ठेवणारा जायरो बसवतात. तिन्हीने मूळ रोग जात नाही. रोग हा आहे की दोन मोटरी एकाच वेळी आणि एकसारख्या जोराने ओढत नाहीयेत. बैलगाडीचा एक बैल आधी निघाला तर गाडी कुठे जाईल, तसंच.

रडर का कामाला येत नाही हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. एका मोटरच्या विमानात प्रॉपची, म्हणजे मोटरवरच्या फिरत्या पात्यांची, हवा सरळ शेपटीवर जाते, त्यामुळे विमान उभं असलं तरी रडरला थोडा जोर मिळतो. ट्विनमध्ये दोन्ही प्रॉप बाजूला, त्यांची हवा शेपटीच्या डावी-उजवीकडून निघून जाते. म्हणजे वेग येईपर्यंत रडर नुसताच हलतो. पाण्यातला रडर हळू वेगात चालतो, पण विमान पोटावर उचललं जाऊ लागलं की तो पाण्याबाहेर यायला लागतो. मधले ते दोन-तीन सेकंद असे असतात की वरचा रडर अजून जागा झालेला नाही आणि खालचा सुटलाय, त्या वेळात दिशा ठरवतात फक्त दोन मोटरी. त्या सारख्या नसतील तर तुम्ही रेडिओच्या (हातातल्या ट्रान्समीटरच्या) काठीवर काहीही करा. आणि ट्रिम देऊन ठेवलात तर हवेत गेल्यावर, रडरला खरा जोर आल्यावर, ते विमान उजवीकडे तिरकं उडणार.

डावीकडेच का, हाही प्रश्न रास्त आहे. बहुतेक तयार मॉडेलांत दोन्ही प्रॉप मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. त्याची उलट प्रतिक्रिया म्हणून विमानाचा डावा पंख खाली दाबला जातो, डावा टिप फ्लोट पाण्यात जास्त बसतो, तिथे पाणी अडवतं आणि नाक डावीकडे जातं. शिवाय टेकऑफच्या सुरुवातीला नाक वर असतं तेव्हा प्रॉपचं खाली येणारं पातं म्हणजे उजव्या बाजूचं पातं जास्त ओढतं, त्यानेही नाक डावीकडेच. एवढं सगळ्याच विमानांत असतं आणि दोन्ही मोटरी ठीक असतील तर सांभाळता येतं. त्यात डावी मोटर जरा मंद असली की संपलं. आणि तुमचं विमान उजवीकडे वळत असेल तर उजव्या मोटरवर संशय आणखी पक्का, कारण ती नैसर्गिक डाव्या ओढीच्याही उलट नेतेय. दोन्ही प्रॉप उलटसुलट दिशेने फिरणारे असतील तर हे परिणाम एकमेकांना मारतात, तेव्हा एकाच बाजूला वळणं याचा अर्थ बहुतेक वेळा मोटरींतला फरक.

आता तपासणी. हे सगळं घरी टेबलावर करायचं, तळ्यावर नाही. तिथे घाई असते, चार जण सल्ले देत असतात आणि बॅटरी संपत असते.

पहिली गोष्ट प्रॉप, आणि ही फुकटची आहे म्हणून आधी. प्रॉपवर जे आकडे छापलेले असतात ती बाजू विमानाच्या पुढे, म्हणजे उडायच्या दिशेला असली पाहिजे. उलटा बसलेला प्रॉपही पुढेच ओढतो, आवाजही तसाच येतो, पण ओढ बरीच कमी होते, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. उलट फिरणारी जोडी असेल तर एक प्रॉप साधा आणि एक उलट फिरणारा, त्यावर आकड्यांपुढे आर किंवा पी असं अक्षर असतं, तो त्याच्याच मोटरवर आहे ना ते बघा. मोटरची दिशा बदलायची तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करायची, प्रॉप पालथा घालायचा नाही. दोन्ही प्रॉप एकाच साइजचे, एकाच कंपनीचे, आणि बॅलन्स केलेले हवेत. एकाचं टोक काठाला घासून झिजलं असेल तर दोन्ही बदला, एक नवा एक जुना नको.

दुसरी गोष्ट ईएससीचं, म्हणजे मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटचं, कॅलिब्रेशन. माझ्या बघण्यातल्या निम्म्याहून जास्त केसेस इथेच सुटल्यात. रेडिओचा थ्रॉटल खालपासून वरपर्यंत जो सिग्नल देतो तो साधारण एक हजार ते दोन हजार मायक्रोसेकंदाचा असतो, पण प्रत्येक ईएससी आपली सुरुवात आणि शेवट आपापला समजून बसलेला असतो. एकाला वाटतं स्टिक इतकी वर आली की सुरू व्हायचं, दुसऱ्याला वाटतं अजून थोडी. मग एक मोटर आधी फिरते आणि सगळ्या मधल्या थ्रॉटलवर तीच थोडी पुढे राहते. पूर्ण थ्रॉटलला दोघी सारख्याच पळतात, त्यामुळे हातात धरून फुल देऊन बघणारा माणूस म्हणतो की मोटरी तर ठीकच आहेत.

करायचं असं. दोन्ही प्रॉप काढा, हे आधी, अपवाद नाही. ट्रान्समीटर चालू, थ्रॉटल पूर्ण वर. मग विमानाची बॅटरी जोडा. ईएससी बीप देतील, बहुतेक ठिकाणी दोन बीप, ते ऐकले की थ्रॉटल एकदम खाली. मग सेल मोजायचे बीप आणि शेवटचा लांब बीप. वाय-केबलवर, म्हणजे एकाच चॅनलच्या दोन फाट्यांवर, दोन्ही ईएससी एकत्र असतील तर दोघांचं एकदमच होऊन जातं आणि तेच चांगलं. वेगवेगळ्या चॅनलवर असतील तर आधी रेडिओत दोन्ही चॅनलचे एंडपॉइंट, म्हणजे सिग्नलची दोन टोकं, सारखे आहेत आणि ट्रिम शून्यावर आहे हे बघा, नाहीतर चुकीचंच कॅलिब्रेट होईल. झाल्यावर थ्रॉटल एकेक खाच करत वर न्या. दोन्ही मोटरी एकाच खाचेवर सुरू झाल्या पाहिजेत, अर्ध्या खाचेचा फरक चालेल, दोन खाचांचा अजिबात नाही.

कॅलिब्रेशन करूनही एक मोटर मागे राहत असेल तर आता शोधायचं की दोष मोटरमध्ये, ईएससीमध्ये की मधल्या जोडणीत. इथे अंदाज बांधू नका, अदलाबदल करा. डाव्या ईएससीला उजवी मोटर आणि उजव्याला डावी, तेवढ्यापुरत्या लांब वायरी जोडून. दोष मोटरबरोबर गेला तर मोटर, ईएससीबरोबर राहिला तर ईएससी, आणि दोष गायबच झाला तर समजा की कुठलीतरी बुलेट, म्हणजे मोटरच्या वायरीची गोल पिन, सैल होती आणि काढून घालताना घट्ट बसली. हे तिसरं उत्तर सगळ्यात जास्त वेळा येतं बरं का! आणि एखाद वेळी सरळ जातं, मग परत बिघडतं, या प्रकाराचं खरं कारणही बहुतेक हेच.

बुलेट कनेक्टरबद्दल थोडं जास्त लिहितो कारण सीप्लेनमध्ये त्यांचे हाल जमिनीवरच्या विमानापेक्षा खूप जास्त होतात. ब्रशलेस मोटरला तीन वायरी, सेन्सर नसतो, मोटर फिरताना जो उलटा व्होल्टेज तयार होतो त्यावरून ईएससीला कळतं की मोटर कुठे आहे. हळू फिरताना तो सिग्नल मुळातच बारीक, त्यात एका वायरीला हिरवट गंज चढलेला किंवा सोल्डर थंड बसलेला असला की मोटर सुरू होताना थरथरते, अडखळते, मग एकदम पकडते. तोवर दुसरी मोटर अर्धा सेकंद पुढे निघून गेलेली असते आणि विमान वळलेलं असतं. कनेक्टर काढून बघा, रंग बदललेला दिसला तर घासत बसू नका, नवीन लावा. मी तर म्हणतो सीप्लेनमध्ये मोटर ते ईएससी थेट सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवलेलं बरं, मोटर वारंवार काढायची नसतेच. सोल्डर चकचकीत आणि वायरीत शिरलेला दिसला पाहिजे, मातकट गोळा दिसला तर परत गरम करा.

मोजमाप करायचं असेल आणि मला विचाराल तर करायलाच हवं, तर दोन साधनं. एक वॉटमीटर, तो बॅटरी आणि एका ईएससीच्या मधे लावून एकेका मोटरचा करंट अर्ध्या आणि पूर्ण थ्रॉटलला लिहून घ्यायचा. दुसरं ऑप्टिकल टॅकोमीटर, प्रॉपचे फेरे उजेडावरून मोजणारं. यात एक गंमत आहे, ट्यूबलाइटखाली मोजलंत तर तो प्रॉप न बघता दिव्याचं लुकलुकणं मोजतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि दोन पात्यांच्या सेटिंगवर आकडा बरोब्बर ३००० दिसतो. तेव्हा गच्चीवर उजेडात मोजा. विमान घट्ट बांधा, स्वतः प्रॉपच्या मागे उभे राहा, समोर किंवा बाजूच्या रेषेत नको. आकडे वाचताना हे लक्षात ठेवा की ओढ ही फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. एक मोटर ८००० फेरे आणि दुसरी ७६००, म्हणजे फरक पाच टक्के दिसतो, पण ओढीतला फरक दहा टक्क्यांच्या जवळ जातो. पाण्यावर तेवढा पुरेसा आहे.

आता विजेचा भाग. दोन ईएससी म्हणजे बहुतेक वेळा दोन बीईसी, म्हणजे ईएससीतले छोटे वीजपुरवठे, दोन्ही रिसीव्हरला (विमानात रेडिओचा सिग्नल पकडणाऱ्या भागाला) पाच व्होल्ट द्यायला बघतात. स्विचिंग प्रकारचे बीईसी असे एकत्र जोडू नयेत. एका ईएससीच्या प्लगमधली लाल वायर पिनसकट बाहेर काढून टेप लावून ठेवा, कापू नका, पुढे कधी लागते. आणि सर्व्हो, म्हणजे पट्ट्या हलवणारी छोटी यंत्रं, मोजा. दोन एलेरॉन (पंख डावीकडे-उजवीकडे कलवणाऱ्या पट्ट्या), दोन फ्लॅप, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी), रडर, पाण्याचा रडर, इतकं सगळं एका बारक्या बीईसीवर टाकलं की एखाद्या जोराच्या वळणाला रिसीव्हरचा व्होल्टेज पडून तो रिस्टार्ट होतो, दोन्ही मोटरी क्षणभर गप्प. त्यापेक्षा वेगळा यूबीईसी, म्हणजे सुटा बीईसी, घाला आणि दोन्ही ईएससीच्या लाल वायरी काढा.

उडत असताना, विशेषतः शेवटच्या मिनिटात एकच मोटर बंद पडते अशी तक्रार असेल तर लो व्होल्टेज कटऑफ बघा. प्रत्येक ईएससी बॅटरीचा व्होल्टेज स्वतंत्र मोजतो आणि दोघांच्या मोजण्यात किंचित फरक असतोच, त्यामुळे एक दुसऱ्याच्या आधी मोटर बंद करतो. एका मोटरच्या विमानात याचा अर्थ ग्लाइड करत उतरणं, ट्विनमध्ये याचा अर्थ विमान एका बाजूला कलंडून गिरकी घेत पाण्यात. ईएससीच्या प्रोग्रॅममध्ये कटऑफ सॉफ्ट करा म्हणजे तो हळूहळू पॉवर कमी करेल, आणि मुळात टायमर लावून इतक्या लवकर उतरा की कटऑफची वेळच येणार नाही. उतरल्यावर स्थिर व्होल्टेज सेलमागे ३.७ च्या खाली दिसला तर टायमर आणखी कमी करा. दोन मोटरींना दोन वेगळ्या बॅटऱ्या लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, एक लवकर संपणार हे ठरलेलंच. एकच बॅटरी आणि त्यातून दोन फाटे. ते फाटे लांब असतील, म्हणजे ईएससी पंखावरच्या मोटरीजवळ आणि बॅटरी पोटात, तर ईएससीच्या तोंडाशी जास्तीचा कपॅसिटर लावा. किंवा ईएससी आत घ्या आणि मोटरकडच्या वायरी लांब करा, लांबी तिकडे चालते.

रेडिओ. मोटरी बरोबरीत आल्यावरच डिफरेन्शियल थ्रस्ट लावा, आधी नाही, नाहीतर तो रोग झाकेल. म्हणजे रडर उजवीकडे दाबला की डावी मोटर थोडी जास्त आणि उजवी कमी. दोन मोटरी वेगळ्या चॅनलवर घ्याव्या लागतात. फ्लायस्काय एफएस-आय६ सारख्या साध्या रेडिओतही तीन मिक्स, म्हणजे एका चॅनलने दुसराही हलवायच्या सोयी, मिळतात आणि तेवढे बरोबर पुरतात, एक थ्रॉटलवरून पाचव्या चॅनलला शंभर टक्के, आणि दोन रडरवरून दोन्ही मोटरींना, एक अधिक एक उणे. रडरच्या मिक्सची टक्केवारी पंधरा-वीसपासून सुरू करा, पाण्यात वळायला ते भरपूर होतं. मिक्स बंद करायला स्विच ठेवा, हवेत ते नको, स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून पंखांनी साथ सोडण्याच्या, जवळ डिफरेन्शियल थ्रस्ट दिलात तर विमान फिरकी घेतं.

आणि इथे एक खरी धोक्याची गोष्ट. मोटरी दोन चॅनलवर आल्या की फेलसेफ (सिग्नल गेला की मोटर बंद) आणि थ्रॉटल कट (स्विचने मोटर बंद) दोन्ही चॅनलवर लागलेत का ते बघणं तुमच्यावर. अनेक रेडिओंमध्ये फेलसेफ चॅनलनिहाय द्यावा लागतो, लोक थ्रॉटलच्या तिसऱ्या चॅनलला देतात आणि पाचवा विसरतात. सिग्नल गेला की एक मोटर थांबते आणि दुसरी चालूच राहते, म्हणजे काठावर उभ्या असलेल्या माणसाकडे वळणारं विमान. प्रॉप काढून, मोटरी फिरत असताना ट्रान्समीटर बंद करून बघा, दोन्ही थांबल्या पाहिजेत. दर वेळी काहीही बदललं की परत बघा.

जायरो ज्यांच्याकडे आहे त्यांनी तपासणीच्या काळात तो पूर्ण बंद ठेवावा. तो पाण्यावर लाटेच्या प्रत्येक धक्क्याला उत्तर देत बसतो आणि तुम्हाला खरा दोष दिसतच नाही.

मोटरी सारख्या, वायरी ठीक, तरी वळतं? मग पाण्याकडची बाजू. टिप फ्लोटचं नाक किंचित वर असलं पाहिजे, खाली झुकलेलं असलं तर तो घसरण्याऐवजी बुडी मारतो. दोन मोठ्या फ्लोटचं विमान असेल तर दोन्ही फ्लोट एकमेकांना आणि विमानाच्या मध्यरेषेला समांतर आहेत का ते दोरी लावून मोजा. फ्लोटच्या किंवा पोटाच्या तळाशी जी पायरी असते, स्टेप, ती सीजीच्या, म्हणजे विमानाच्या तोलाच्या बिंदूच्या, खाली किंवा अगदी किंचित मागे हवी. फार मागे असेल तर विमान पाण्याला चिकटून राहतं, नाक उचलतच नाही.

आणि पोटातलं पाणी. हे जितकं दुर्लक्षित तितकंच महत्त्वाचं. शंभर मिली पाणी म्हणजे शंभर ग्रॅम. दीड किलोच्या विमानात दीडशे मिली शिरलं तर दहा टक्के वजन वाढलं, आणि ते एका जागी बसत नाही, नाक वर झालं की सगळं मागे धावतं, सीजी मागे जातो आणि पाणी सुटताक्षणी विमान उभं होऊन स्टॉल होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर विमान उडण्याआधी आणि पाण्यातून काढल्यावर बाहेरून पुसून वजन करा, शंका उरणार नाही. गळती शोधायला आत टिश्यू पेपर पसरून, झाकण लावून, टबमध्ये दहा मिनिटं वरून थोडं वजन ठेवून बुडवा. टिश्यू जिथे ओला तिथे भोक. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा पाण्याच्या रडरच्या सळीची नळी आणि बॅटरीच्या झाकणाची कड हेच दोन चोर निघतात. सळीच्या नळीत ग्रीस भरा, झाकणाच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. ईएससी आणि रिसीव्हरवर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे पाणी रोखणारा लेप, फक्त कनेक्टरच्या पिना झाकून.

आता काठीवरचं काम, हे थोडक्यात. तोंड वाऱ्याकडे. एलिव्हेटर पूर्ण वर, थ्रॉटल तीन-चार सेकंदात वाढवत न्या, एकदम नाही, एकदम दिलात तर डाव्या पंखाला झटका बसतोच आणि डाव्या प्रॉपवर पाण्याचे तुषार येऊन त्याचे फेरे आणखी उतरतात. पंख एलेरॉनने सपाट ठेवा, इथे बहुतेक जण फक्त रडर बघतात. विमान पायरीवर चढलं, म्हणजे पाण्यावर घसरू लागलं की एलिव्हेटर जवळजवळ मध्यावर सोडा आणि वेग घेऊ द्या. आरशासारखं सपाट पाणी सोपं वाटतं पण पोटाला चिकटतं, बारीक लहरी असल्या तर सुटायला सोपं जातं. वळायला लागलंच तर थ्रॉटल कमी करा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. हवेत एक मोटर गेली तरी हेच, थ्रॉटल खाली, नाक खाली, सरळ समोर उतरा. चालू मोटरला जास्त पॉवर देऊन काठापर्यंत आणायचा मोह फार होतो आणि त्यातच विमान जातं.

घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी. २०२० च्या ३१ ऑक्टोबरला केवडियाहून साबरमतीला मालदीवमधून आणलेलं ट्विन ऑटर, खरं दोन इंजिनांचं प्रवासी सीप्लेन, उडालं, त्यानंतर आपल्याकडे अनेकांना फ्लोटवरचं ट्विन ऑटरच हवं असतं. सुंदर मॉडेल आहे, पण त्याच्या मोटरी पोटापासून बऱ्याच लांब असतात, म्हणजे थोडासा फरकही जोरात वळवतो. पहिलंच ट्विन सीप्लेन असेल तर मी कॅटालिनासारखं, बोटीसारख्या पोटाच्या जुन्या सीप्लेनचं मॉडेल, सांगेन, मोटरी पंखाच्या मधोमध जवळजवळ आणि पाण्यापासून उंच, तुषारही कमी लागतात. पॉवरमध्ये काटकसर नको. जमिनीवरून उडणाऱ्या साध्या ट्रेनरला किलोमागे दीडशे वॅट चालून जातात, पाण्यावरून उठायला अडीचशेच्या आसपास धरून चला. तयार मॉडेल बाहेरून मागवताना हे लक्षात असू द्या की फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा जोडायच्या किटच्या रूपात ड्रोनची आयात बंद आहे, सुटे भाग येऊ शकतात, आणि आरसी विमानाचं पार्सलही त्यात धरलं जाऊन कस्टममध्ये अडकू शकतं. त्यामुळे फ्रेम इथेच फोमबोर्डची बनवून किंवा सेकंडहँड घेऊन मोटर, ईएससी वेगळे घेणं जास्त शहाणपणाचं. ईएससी तीन घ्या, एकाच लॉटचे, तिसरा सुटा ठेवायला. एक जळाला आणि दुसऱ्या कंपनीचा लावला की ही सगळी गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. सेकंडहँड बघायला गेलात तर विकणाऱ्यासमोर प्रॉप काढून खाचेखाचेने थ्रॉटल वर न्यायची तीच तपासणी करा, दोन मिनिटं लागतात.

उडवायचं कुठे. सूरसागर गर्दीत, हरणीचं तळं विमानतळाच्या जवळ, दोन्हीचा विचार नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडे मोकळ्या भागात ४०० फुटांपर्यंत, पण आधी डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर जागा बघून घ्या. आजवा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, वढवाणा तलाव पक्ष्यांचं रामसर क्षेत्र, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, हिवाळ्यात तिथे बाहेरून पक्षी आलेले असतात, त्यांच्यात विमान घालणं योग्य नाही. सावली, वाघोडिया, पादरा बाजूला कोणाची खेततलावडी किंवा गावचं तळं, मालकाला नाहीतर पंचायतीला विचारून, जलपर्णी नसलेलं. साधारण शंभर मीटर मोकळं पाणी असलं म्हणजे काम होतं. उत्तरायणाच्या आधीचे आणि नंतरचे काही दिवस विमान घरी ठेवा, मांजा प्रॉपच्या शाफ्टला गुंडाळला की ती मोटर जागेवर थांबते आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

मगरींबद्दल बडोद्याच्या माणसाला काय सांगायचं, तरी सांगतो, कारण विमान मधे अडकलं की डोकं चालत नाही. केवडियाला सीप्लेन उतरवायचं ठरलं तेव्हा त्या तळ्यातल्या मगरी वनखात्याला आधी पकडून हलवाव्या लागल्या. आपल्या गावच्या तळ्यात तसं कोणी करून ठेवलेलं नाही. विश्वामित्रीतच असतात असं नाही, पावसाळ्यात त्या आसपासच्या तळ्यांत जातात. जायच्या आधी गुरं पाण्यावर आणणाऱ्या काका-मामांना विचारा, त्यांना पक्कं माहीत असतं. विमान कितीही महागाचं असो, पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभरसुद्धा नाही. गळाच्या रीळला टेनिस बॉल बांधून विमानाच्या पलीकडे फेकायचा आणि दोरी ओढत आणायची, थोड्या सरावाने छान जमतं. आरसी बोट असेल तर तिला मागे तरंगती दोरी लावून विमानाभोवती फेरी मारून आणा. काहीच नसेल तर वारा त्याला कुठल्यातरी काठाला आणतोच, थांबा.

घरी आल्यावर झाकणं उघडी ठेवून पंख्याखाली रात्रभर. मोटरींच्या बेअरिंगला तेलाचा एक थेंब, कनेक्टर उघडून एकदा नजर. दोन्ही मोटरी हाताने फिरवून बघा, एक खरखरीत लागली तर बेअरिंग गंजायला लागलंय, आणि ती मोटर पुढच्या वेळी मागे पडणार.

आणि एवढं करूनही वळतच असेल तर कोणा जाणत्याला विचारताना नुसतं 'विमान डावीकडे जातंय' असं विचारू नका. दोन्ही मोटरींचा अर्ध्या थ्रॉटलचा करंट, प्रॉपची साइज, दोन्ही ईएससी एकाच मॉडेलचे आहेत का, अदलाबदलीत दोष कुणाबरोबर गेला, आणि उडण्याआधीचं-नंतरचं वजन, एवढं लिहून द्या. बसल्या जागी अर्धं उत्तर त्यातच निघतं.